दारातली चार माणसं

हिरुतकडे जेवायला बसलं की पहिला घास आपल्या हाताने खायची सोय नव्हती. आपण ताटाकडे हात नेईपर्यंत तिचा हात आपल्या तोंडापाशी आलेला असायचा, आणि घासही चांगला मुठीएवढा. तिच्या देशात, इथियोपियात, माणसाला असंच भरवतात. आईला पहिल्यांदा हा मान मिळाला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "अवं, मी का लहान लेकरू आहो?" हिरुतने ऐकलं नाही. पहिला घास गिळेपर्यंत दुसरा तयार. "एक नहीं चलता, आई. दूसरा मेरी मम्मी की तरफ से."

अधारतालला आमच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. शेतीविषयात पीएच.डी. करायला जबलपूरला आली होती. बाबा खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात गेले. तेव्हापासून घरात आई आणि मी दोघीच. मी दिवसभर शाळेत शिकवायला, म्हणून आईला बोलायला हिरुत. हिंदी ती बाजारात शिकली, मराठी आईकडून, आणि दोन्ही एकाच वाक्यात घालायची. त्याबद्दल तिला कुणी हसलं नाही. आम्हीही तसंच बोलतो.

भाकरीच्या जागी त्यांच्याकडे इंजेरा असतो. आंबवलेल्या पिठाचा, ताटभर रुंद, जाळीदार; आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा. त्याचं धान्य इथे मिळेना, तेव्हा हिने वरईसारखी बारीक कुटकी दळून आणली आणि भिजत घातली. तिसऱ्या दिवशी आई जिन्याखाली नाक दाबून उभी. "वर काही सडून राहिलं का वं?" आईच्या तव्याला चिकटून कितीतरी इंजेरे वाया गेले. मग एकदाचा जमला, आणि हिरुत तो दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरली. नवजात बाळ दाखवायला आणल्यासारखी. त्या दिवशी ती हसत होती आणि रडतही होती.

तिचे सण आमच्या कॅलेंडरात बसत नसत. सगळ्या जगाचा नाताळ उरकला की हिचा यायचा. ईस्टरआधी तर जवळजवळ दोन महिने दूध, अंडी, मांस सगळं बंद. चौदा एप्रिलला आमच्याकडे गोडधोड असतं. तो दिवस हमखास तिच्या उपासात सापडायचा, आणि आई कुरकुरत तिच्यापुरती बिनतुपाची पुरणपोळी करायची. "बुद्धपौर्णिमेची खीर तरी खाशील ना पोट्टे?" त्या खिरीचे दोन वाडगे हिरुत खायची. थिसिस संपवायचा आणि पुढचा ईस्टर मम्मीच्या हातचा खायचा, एवढं एकच तिचं चाललं होतं. मम्मीशी दर रविवारी फोन व्हायचा. तो आईच्याही कानाला लागायचा. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नसे, तरी बराच वेळ बोलत.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी तिच्या भावाचा फोन मला आला. अडीअडचणीसाठी माझा नंबर त्याच्याकडे होता. मम्मी गेली, मातीही झाली, असं त्याने सांगितलं, आणि लगेच म्हणाला, तिला सांगू नका. त्यांच्याकडे लांबच्या माणसाला अशी बातमी फोनवर देत नाहीत. मोठी माणसं जमतात, पहाटे त्याच्या दारी जातात आणि समोर बसून सांगतात, म्हणजे ऐकताना माणूस एकटा नसतो. शिवाय उद्या सण. तिला उपास सोडू द्या, जेवू द्या. परवा सांगा. कॉलेजात तिच्या देशाची दोन मुलं होती, पण ती लहान. मोठं माणूस कुठून आणायचं? मला त्या भावाचा संताप आला. आई मात्र शांतपणे म्हणाली, "काहून चिडतं? इथं तिची मोठी मीच."

सणाच्या दिवशी हिरुत सकाळपासून कांदा परतत होती. त्यात कोंबडी, अंडी, तिच्या गावचा लाल मसाला. मम्मीचा फोन लागत नव्हता. भावाने बिघडला म्हणून सांगितलं होतं आणि तिला ते पटलं होतं. दुपारी आम्ही वर जेवायला गेलो. तिने आईला भरवलं, मग दुसरा घास पुढे केला. "ये मम्मी का." आईने तो खाल्ला. सावकाश चावून, सगळा. "मस्त झालं वं," म्हणाली. मी मात्र तिखट लागलं असं सांगून पाणी पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईने विहारात जायची पांढरी साडी नेसली. ती दोन मुलं आली आणि आम्ही चौघं जिना चढलो. दार हिरुतनेच उघडलं. त्या वेळेला दारात चार माणसं पाहिल्यावर तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. ती आईकडे बघत मागे सरकली. "आत नका येऊ, आई. तुम आओगी तो सच हो जाएगा." आई थांबली नाही. आत गेली आणि तिला घट्ट धरून खाली बसली. हिरुतसारखं रडणं मी पुन्हा कुणाचं ऐकलेलं नाही. पण त्या सकाळी मला भावाचं म्हणणं कळलं.

थिसिस पुरा करून ती गेली. स्टेशनवर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दीदी, आईचं काही झालं तर मला फोनवर नको सांगू. माझ्या दारात माणसं पाठव." मी तिला रागावले, असलं अभद्र बोलू नये म्हणून. आता ती तिकडे शिकवते. मम्मीचा रविवार तिने आईला दिला होता.

यंदाच्या थंडीत आई गेली. मी हिरुतच्या भावाला कळवलं. तो म्हणाला, गावाकडची माणसं जमवतो, सोमवारी पहाटे तिच्याकडे जाऊ. मध्ये रविवार होता. फोन वाजला.

"दीदी, आई कुठे आहे? दे ना."

आईच्या पलंगावरची गादी मी काढून ठेवली होती.

"झोपली आहे," मी म्हटलं.

"अच्छा. सोने दो," हिरुत म्हणाली, "उठवू नको तिला."