मध्यरेषेवरची अक्का

दुपारचं जेवण अंगावर आलंय. आरामखुर्चीत पडलोय. छातीवर जिल्हा कबड्डी संघटनेचा ठराव, हातात पेन. वैद्यकीय समितीच्या प्रमुखपदी अध्यक्षांचे जावई. ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत. कबड्डीत कातडी सोलवटते, म्हणून पात्र. अकरा वर्षं खेळाडूंचे गुडघे सांभाळणाऱ्या डॉ. मृणाल खिलारे सहाय्यकच राहणार. आमच्याकडे असा कागद घरोघर फिरतो आणि ठराव सर्वानुमते होतो. सहा सह्या झाल्यात. सातव्या सभासदानं, म्हणजे मी, नकार दिला तर बैठक बोलवावी लागते आणि मृणालला तिथं बोलायला मिळतं. नकार देणारा सातवा आजवर निपजलेला नाही.

डोळे मिटतात, आणि अक्का माझा गुडघा दाबून बघतेय. माझी थोरली बहीण, डॉ. इंदुमती. जाऊन नऊ वर्षं झाली, पण हात काही हलका झालेला नाही.

"वजन वाढलंय," ती म्हणते.

"तू गेल्यापासून रागावणारं कोणी नाही."

खुर्चीखालची फरशी आता मैदानाची माती आहे. अक्का पदर खोचून मध्यरेषेवर मांडी घालून बसलीय.

हे खरंच घडलं होतं. महिलांच्या अंतिम सामन्यात सुनंदा नावाची खेळाडू डोक्यावर पडली आणि तिला एकाच्या जागी दोन पंच दिसू लागले. तेव्हाचे समितीप्रमुख मांडवात चहा घेत होते. त्यांनी तिथूनच, खेळू द्या, म्हणून हात हलवला. अक्का जाऊन रेषेवर बसली. डॉक्टरीणबाई रेषेवर बसल्या तर काय करायचं, हे नियमपुस्तकात नव्हतं. चाळीस मिनिटं ती हलली नाही; शेवटी सामना थांबवून सुनंदाला दवाखान्यात नेलं, म्हणून पोरगी वाचली. मी पडलो विनोदी लेखक; त्यावर खुसखुशीत लेख लिहिला. गाव आठवडाभर हसलं. पुढच्या वर्षी प्रमुखपदासाठी अक्काचं नाव निघालं, तेव्हा बैठकीत कुणीतरी तो लेख वाचून दाखवला. मग नाव मागं पडलं.

मैदानाच्या कडेला तिचा दवाखाना सुरू होतो. मी तपासणीच्या टेबलावर बसलोय, पाय जमिनीला टेकत नाहीत, वय नऊ.

"अक्का, तो लेख..."

"छान होता. मीसुद्धा हसले." ती पट्टी गुंडाळत राहते. "पण दिगू, त्या बैठकीत तू होतास. वाचून झाल्यावर काही बोलला नाहीस."

"लोक हसत होते. मला वाटलं, लेख आवडला."

ती माझ्या डोक्यात टपली मारते. मायेचीच, पण लागते.

जाग येते. उन्हं कलली आहेत. ठराव छातीवरच आहे आणि सातव्या जागी माझं अक्षर, जरा तिरकं: 'असहमत. बैठक बोलवावी.' शाई ओली आहे, अंगठ्यालाही लागलीय.

दोनदा वाचून बघतो. चाळीस वर्षं लिहिलं; त्यात एकही विनोद नाही असा हा पहिलाच मजकूर. खाली जागेपणी सही करतो, आणि कागद स्वतःच नेऊन द्यायला चपला घालतो.