नियम तिसरा: कपाळ कोरे

सगुणाबाईंवर अन्याय झाला तो ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, सकाळी नऊला, परळच्या आमच्या चर्चच्या पायरीवर. बाप्तिस्म्यासाठी त्या आत निघाल्या, तेव्हा घरोघर वचन सांगणाऱ्या बायबलबाईंनी ओल्या रुमालानं त्यांचं कुंकू पुसलं. नवरा जिवंत असताना.

दुपारी त्यांचे यजमान भोईवाड्याहून, भावाकडून परतले. चाळीच्या जिन्यात बाया तोंडाला पदर लावून बसलेल्या.

"कोण गेलं गो?"

"तुम्हीच," शेजारीण बोलून गेली.

यजमान सगुणाबाईंना एवढंच म्हणाले, "ज्या देवाला मी मेलेला हवा, त्याच्या दारात परत गेलीस तर माझ्या दारात येऊ नको."

मी मिशनच्या छापखान्यात प्रूफरीडर. प्रुफावर मी 'छापा' लिहून सही केल्याशिवाय मशीन फिरत नाही. सोमवारी टेबलावर बाप्तिस्म्याच्या नियमांचं पत्रक आलं, फेरछपाईला. नियम तिसरा: कपाळ कोरे असावे. मागच्या खेपेला सही माझीच होती. ऱ्हस्वदीर्घ तपासले होते. अर्थ नाही.

सही न करता मिशनच्या साहेबांकडे गेलो. साहेब परदेशी, पण मराठी शिकलेले.

"कुंकू ही मूर्तिपूजेची खूण आहे," ते म्हणाले.

"नवरा असल्याची खूण आहे. तुमच्या बोटात अंगठी कसली?"

"लग्नाची."

"आमच्या बाया ती कपाळावर घालतात."

"ही तुमच्या मराठी राज्याच्या मोर्च्यातली भाषा."

"मोर्च्यात मराठीत राज्य मागतोय, साहेब. इथं मराठीत देव मागतोय."

सगुणाबाईंना मी सोबत आणलं होतं; त्या बाहेर बाकड्यावर होत्या. त्यांना आत बोलावलं. कपाळावर कुंकू होतं, नेहमीपेक्षा मोठं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "येशूनं माझा नवरा मागितला नाय. तुम्ही कशाला मागता?"

साहेबांनी पेपरवेट सरकवून कागद ओढला. मग म्हणाले, कमिटीला लिहितो.

मिशनची कमिटी समुद्रापलीकडे. उत्तर अजून यायचंय. पत्रक छापलेलं नाही, कारण माझी सही नाही. पण नियमही रद्द नाही. यजमान आता सगुणाबाईंना चर्चच्या पायरीपर्यंत सोडतात. कुंकू आहे ना, एवढं बघतात. आत त्या शेवटच्या बाकावर एकट्या बसतात आणि प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीच्या भाकरीचं ताट, बाप्तिस्मा झालेला असूनही कुंकवापायी त्यांना वगळून पुढं जातं.

मी शिकलो ते इतकंच: शुद्धलेखन तपासणाऱ्यानं आधी शब्द कुणाच्या कपाळी बसणार ते बघावं.

मंडळीतल्या बायांनो, नवरा हयात असून कपाळ कोरं ठेवता ना? कमिटीच्या उत्तराची वाट बघू नका. येत्या रविवारी कुंकू लावून या आणि सगुणाबाईंच्या बाकावर बसा. ताट वगळून न्यायचं तर सगळा बाक वगळावा लागू दे.