बिजागरेकाकांचं बसणं

बिजागरेकाकांचं खरं आडनाव आता फक्त मतदारयादीत उरलं आहे. तीस वर्षं लोकांच्या दारांच्या बिजागऱ्या बदलल्या, फुगलेल्या फळ्या रंधल्या, अडकलेल्या कड्या सोडवल्या. शेवटी आळीनेच त्यांना हे आडनाव बहाल केलं आणि त्यांनीही ते निमूट घेतलं. त्यांची बायको, म्हणजे आपल्या काकू, घरीच शिवणकाम करतात. मशीनवर बसल्या की दुपार कधी कलते ते त्यांना कळत नाही. काकांचं नेमकं उलटं. काकू बसल्या की बसल्या, आणि काका बसले तरी उभेच. जेवताना ताटावरून तीनदा उठतात, चहा खिडकीशी पितात, आणि न्हाव्याने त्यांना बजावून ठेवलंय, "काका, हललात तर कानाची हमी माझी नाही."

या दोघांचा एक नेम आहे. लग्नाच्या वाढदिवसाला संध्याकाळी सातला त्याच हॉटेलात, कोपऱ्यातल्या त्याच टेबलावर जेवायचं, आणि सूप यायच्या आत दोघांनी वर्षाचा एकेक संकल्प सांगायचा. नव्या वर्षाच्या गर्दीत आपला संकल्प कोण ऐकणार, असं काकांचं म्हणणं. इथे निदान एक साक्षीदार तरी असते. ही साक्षीदार मात्र फार पक्की. काका कुठल्या वर्षी पहाटे फिरायला जाणार होते (बूट अजून खोक्यात आहेत), कुठल्या वर्षी साखर सोडणार होते (सहा दिवस), आणि कुठल्या वर्षी रोजनिशी लिहिणार होते (अकरा पानं, अकराही पानांवर दारं), हे काकूंना तोंडपाठ आहे. संकल्प 'सोडणे' हा शब्दप्रयोग काकांनी जरा शब्दशः घेतला, एवढंच.

पण मोडलेल्या संकल्पांचं काकूंना काही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. चोवीस वर्षांत काका त्या टेबलावर सूपापासून गोडापर्यंत सलग कधी बसलेच नव्हते. तिसऱ्या वर्षी स्वच्छतागृहाची कडी अडकून कुणी आत कोंडला गेला, काका धावले. अकराव्या वर्षी शीतकपाटाचं दार. आणि गेल्या वर्षी तर कहर. स्वयंपाकघराचं ते दोन्हीकडे झुलणारं दार करकरतं म्हणून काका उठले आणि दार चौकटीतून उतरवून बसले. पाऊण तास काकू एकट्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कळवळून विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे गेले?" काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघरात आहेत." त्यावर बाई म्हणाल्या, "मग सांगा ना त्यांना, भाजीत मीठ फार पडलंय."

त्या रात्री काकू हसल्या नाहीत. आणि यंदा वाढदिवसाच्या सकाळी ब्लाउजला हुक लावता लावता शांतपणे म्हणाल्या, "यंदाचा संकल्प मी देते. तुम्ही बसायचं. उठलात, की हा नेम संपला. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी मी माझ्या बहिणीकडे जेवणार. तिला कळवून ठेवलंय."

"अगं, पण काही इमर्जन्सी..."

"दारांना इमर्जन्सी नसते. मला असते."

काका मनातून चरकले. काकू ओरडल्या असत्या तर त्यांनी मनावर घेतलं नसतं.

सातला दोघं टेबलावर बसली. काकांनी संकल्प म्हणून दाखवला. काकू म्हणाल्या, "आणि माझा असा, की गेल्या वर्षीचं एकदाही काढायचं नाही. गेल्या वर्षी काय ते तुमचं दार, काय ती माझी शोभा..."

"मोडला," काका म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं ते दार पुन्हा करकरलं. काकांच्या मानेची शीर ताठ झाली. वरची बिजागरी सैल, एक स्क्रू बेपत्ता, पाच मिनिटांचं काम. वेटर आत गेला, करकर. बाहेर आला, करकर. काकांनी नॅपकिनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मिठाच्या डबीचं झाकण घट्ट केलं. टेबलाखाली हात घालून पायाचा सैल नट बोटांनीच पिळला. संकल्प न उठण्याचा होता, हातांचा कुठे होता?

सूप आलं. काकूंनी चमचा उचलला, आणि पलीकडच्या टेबलावर एक मुलगी एकदम कळवळली. नव्या कपड्याची पाठीवरची चेन उसवत गेली होती. मुलीने दोन्ही हात पाठीशी नेले, डोळ्यांत पाणी. काकूंचा चमचा हवेतच थांबला.

"आलेच हं," असं म्हणून काकूंनी पर्समधून सुईदोरा काढला आणि मुलीची पाठ पदराने झाकत तिला स्वच्छतागृहात नेलं.

काका एकटे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दार करकरत होतं. काकांनी काकूंच्या सूपावर बशी झाकली. समोरची खुर्ची रिकामी, आणि सगळं हॉटेल आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटायला लागलं. वेटरने हलक्या आवाजात विचारलं, "बाई येणार आहेत ना?" दारापाशीच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तर समजुतीची मान हलवली, जणू काकांच्या संसाराचं सगळं त्यांना कळलं होतं. काकांचे हात शिवशिवत होते, पाय जमिनीवर ताल धरत होते. एकदा तर ते खुर्चीपासून चार बोटं वर आलेसुद्धा. वेटरचं ताट दारात अडकलं होतं. पण रिकाम्या खुर्चीकडे पाहून ते पुन्हा खाली बसले.

अर्ध्या तासाने काकू परतल्या. बोटाला सुई टोचलेली, चेहरा ओशाळा.

"सूप गार झालं असेल."

"दोनदा गरम करून आणवलं. तिसऱ्यांदा वेटर म्हणाला, आता आटून भाजी होईल."

"तुम्ही उठला नाहीत?"

"नाही."

"आणि ते दार?"

"बोंबलतंय. बोंबलू दे." काका पुढे वाकले. "तुला दर वर्षी असंच व्हायचं का गं? हे... सगळे बघताहेत असं?"

काकूंनी पाव मोडला. "पहिली दहा मिनिटं. मग भूक लागते."

काकांनी मान खाली घातली. सूपावरची बशी काढून वाटी काकूंच्या पुढे सरकवली. तीस वर्षं दारं सरळ करणाऱ्या माणसाने वाटीशेजारचा चमचाही सरळ करून ठेवला. काकूंना ते कळलं. त्यांनी पावाचा मोठा तुकडा काकांच्या ताटात टाकला.

मग भात आला, पुडिंग आलं. काकूंनी हॉटेलच्या मालकाला बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी हेच टेबल ठेवा. दोघांसाठी." काकांनी इतका मोठा श्वास सोडला की मेणबत्ती विझली.

"चला, उठा आता," काकू म्हणाल्या.

काका उठेनात.

"अहो, संकल्प संपला. उठा."

"उठवत नाहीये," काका कळवळले. "दोन्ही पायांना मुंग्या आल्यात. एवढा वेळ कधी बसलोच नाही ना जन्मात."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, परत खुर्चीत बसल्या, आणि वेटरला आणखी एक पुडिंग सांगितलं. दोन चमच्यांसकट.