ओसरीवरचं भांडं

कुलपावर कापड, कापडावर लाख, लाखेवर कमिटीचा शिक्का. याला सील करणं म्हणतात. मी सील करत होतो आणि लाख वितळवायला मेणबत्ती धरून पुंजाजी शेजारी उभा होता. दुकान त्याचंच होतं.

"माह्या दह्यानं नाई झालं हे, साहेब," तो म्हणाला. "पन तुमी तुमचं काम करा."

मी तेव्हा म्युनिसिपल कमिटीचा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत. साल साठच्या आगेमागे. पुंजाजी मूळ अमरावतीचा, तिकडचा गिलावडा त्याने आमच्या गावात आणला. उडदाचा वडा, वर गार दही, त्यावर तिखट. पळसाच्या द्रोणात द्यायचा. द्रोण त्याची बायको सुभद्राबाई घरी टोचायची. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. दुकान हाच त्यांचा संसार होता.

हे द्रोणच आमच्या डोळ्यांत खुपले. बाजाराच्या दिवशी सगळ्या खाणावळींचे द्रोण नालीत जायचे, नाली तुंबायची, वर माशा. त्या उन्हाळ्यात जवळपासच्या खेड्यांत हगवणीची साथ आली आणि आमचे चीफ ऑफिसर घाबरले. त्यांनी द्रोण-पत्रावळी बंद केल्या. दुकानात खायचं तर चिनी मातीच्या प्लेटमध्ये, घरी न्यायचं तर आपलं भांडं आणायचं.

मी म्हटलं, "साहेब, घरंदाज लोक हॉटेलात भांडं पाठवणार नाहीत."

"जीभ पाठवायला लावील त्यांना," ते म्हणाले.

दवंडी पिटली गेली. सुरुवातीला पुंजाजीच्या दुकानात शुकशुकाट झाला. द्रोण कसा, पदराआड घरी जायचा, खाल्ला की फेकला, सोवळ्याओवळ्याची भानगड नाही. आता भांडं हातात घेऊन भर रस्त्यातून कोण येणार? पण साहेबांचं खरं ठरलं. हळूहळू भांडी यायला लागली. पितळेचे कडीचे गंज, म्हणजे उभट पातेली, आणि डबे, बाहेरून चिंचेने घासून लख्ख. पुंजाजी खुशीत आला होता. "लोकं सुधारून राहिले, साहेब," असं मला म्हणायचा.

आणि मग वकिलांच्या घरी तो प्रकार झाला. त्यांच्या मुलीला पाहायला दर्यापूरची मंडळी आली होती. सकाळी गिलावडा आणून ठेवला, दुपारी पाहुण्यांना दिला आणि तासाभरात सगळ्यांना ओकाऱ्या. जिवावर कुणाच्या बेतलं नाही, पण मुलाचे वडील बैलगाडीत आडवे होऊन स्टँडवर गेले, हे सगळ्या गावाने पाहिलं. संध्याकाळपर्यंत पुंजाजीचं दही नासकं होतं, हे गावाने ठरवूनही टाकलं. चीफ ऑफिसरांनी दुकान बंद करायला सांगितलं आणि त्याचीही दवंडी झाली.

मला ते पटत नव्हतं, कारण त्याच सकाळी त्याच मडक्यातलं दही मीही खाल्लं होतं, दुकानात बसून, प्लेटमध्ये. माझ्या बाजूला एसटीचा ड्रायव्हर होता. मी ठणठणीत होतो. स्टँडवर जाऊन विचारलं, तर ड्रायव्हरही ठणठणीत. म्हणजे दही दुकानातून निघालं तोवर चांगलं होतं. बिघडलं ते पुढे.

मी वकिलांकडे गेलो. वकिलांच्या पत्नीला म्हटलं, "काकू, गिलावडा ज्यात आणला ते भांडं दाखवता?"

त्यांनी ओसरीवरच्या खुंटीकडे बोट केलं. मी तिथला गंज खाली उतरवला आणि आत पाहिलं. आतून पिवळाधमक. कल्हईचा मागमूस नाही.

पितळेला आतून कल्हई लागते, म्हणजे कथलाचा पांढरा लेप. तो नसला आणि आंबट पदार्थ काही तास राहिला, की पितळ त्यात उतरतं. त्याला कळकणं म्हणतात. कळकलेलं दही खाल्लं की पोटातलं सगळं बाहेर येतं.

"काकू, याला कल्हई नाही?"

"त्याला कशाला कल्हई?" त्या म्हणाल्या. "हॉटेलात जाणारं भांडं ते. सैपाकघरात कुठे येतं?"

कल्हईवाला आला की घरातली भांडी त्याच्यापुढे जायची. हे बाहेरचं, ते ओसरीवरच राहायचं. नंतर मी आणखी चार घरं पाहिली. प्रत्येक ओसरीवर असंच एक भांडं होतं.

त्या दिवशी माझ्याशी बोलता बोलताच काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी गंज माझ्या हातातून घेतला आणि पदराआड धरला. वकील मला फाटकापर्यंत सोडायला आले. "इन्स्पेक्टर, कमिटीत काय सांगायचं ते सांगा. गावात बोलू नका. आपल्याच भांड्यातून पाहुण्यांना विष घातलं म्हणतील. माझी पोर अजून उजवायची आहे हो." मला त्यांचा राग येईना.

चीफ ऑफिसरांनी ऐकून घेतलं आणि सील काढायला लावलं. मी म्हटलं, "साहेब, दवंडीही द्या. पुंजाजीच्या दह्यात दोष नव्हता, एवढंच. वकिलांचं नाव नको."

"दवंडी हुकमाची असते," ते म्हणाले. "माफीची नसते."

पुंजाजीने दुकान उघडलं. मी जमेल त्याला सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि दुकानावरून पुढे जायचे. मी रोज संध्याकाळी दारातच उभा राहून, रस्त्यावरून दिसेल असा, एक प्लेट खायचो. एक दिवस प्लेट हातात देताना तो म्हणाला, "तुमी येकटेच खाऊन राहिले, साहेब. तुमच्या येकट्यासाठी किती दिवस दही लावू?"

काही दिवसांनी त्याने मडकं पालथं घातलं. अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायला गेला. शरीर खातंपितं असलं तरी ते काम त्याच्या वयाचं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत वारला.

चीफ ऑफिसरांची बदली झाली. नव्या साहेबांना द्रोणबंदी माहीतही नव्हती. कुणी हुकूम रद्द केला नाही, द्रोण नुसतेच परत आले. एका बाजाराच्या दिवशी सुभद्राबाई जमिनीवर द्रोणांच्या चळती मांडून बसलेली दिसली. मी समोर थांबलो. तिने वर पाहिलं, एक द्रोण उचलून माझ्यापुढे धरला.

"साहेब, आता चालते ना हे?"

"चालते, बाई," मी म्हणालो.

पुढे नोकरीत अशा बऱ्याच हुकमांचे मसुदे माझ्याकडे आले. लोकांनी भांडं आणावं असं कुठे लिहिलेलं दिसलं, की ते घरात कुठे ठेवतील, हे मी आधी विचारायचो. ऑफिसातले लोक हसायचे.