फोटोसाठी घातलेलं काजळ

काजळ घालणं म्हणजे नटणं, असं म्हणणाऱ्या माणसांचा मला आजही राग येतो. माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठावर. तिथं काजळ धरणं हे तूप कढवण्यासारखंच घरचं काम होतं. आई कापसाच्या वाती माक्याच्या रसात भिजवून सावलीत वाळवायची. मग जिथं वारा लागत नाही अशा कोपऱ्यात दोन विटांच्या मधे एरंडेलाचा दिवा लावायची आणि विटांवर काशाची ताटली पालथी घालायची. ज्योत ताटलीला चिकटू द्यायची नाही, नाहीतर काजळी खरबरीत होते आणि डोळ्यात खुपते. ताटलीवर धरलेली काजळी खरवडून ती गाईच्या धुतलेल्या लोण्यात, चिमटीभर कापूर टाकून खलायची. खलून खलून आमचे हात भरून यायचे, पण बोटांना कण लागेनासा होईपर्यंत आई सोडायची नाही.

घालायचीही रीत होती. तोंड गार पाण्यानं धुवायचं आणि डोळे पुरते कोरडे होऊ द्यायचे. करंगळीशेजारच्या बोटानं घालायचं, कारण त्या बोटाला जोर नसतो. नजर वर धरायची, पापणी ओढायची नाही, बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकाकडे यायचं आणि नाकाजवळ रेघ बारीक करायची. मग डोळे मिटून थोडं थांबायचं, म्हणजे वरच्या पापणीलाही हलकं लागतं. शेवटी कोपरा ओल्या फडक्याच्या टोकानं टिपायचा. आई म्हणायची, "काजळ दिसलं तर त्ये चुकलं. डोळं दिसाय पायजेत."

लग्न होऊन मी कराडजवळच्या गावी आले ती एक डबी काजळ घेऊनच. आमचे हे फौजेत होते. लग्नानंतर थोडेच महिने घरी राहिले आणि लढाईवर गेले. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ आणि त्यांची लहान मुलगी. सासरे आधीच वारलेले, त्यामुळं घर, मळा, बैल, सगळं दिरांच्या हुकमात. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नसे आणि तेही माझ्याशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते सासूबाईंच्या तोंडून सांगत.

मी रोज सकाळी काजळ घालत होते. हे घरी होते तोवर कुणी काही म्हटलं नाही. हे गेल्यावर मात्र पाणवठ्यावर कुजबूज सुरू झाली. नवरा लढाईवर आणि ही काजळानं डोळे कुणासाठी भरते? ज्या बायका हे बोलत, त्यांच्याच पोरांसाठी मी डबीतलं काजळ देत होते. ते बोलणं फिरून दिरांच्या कानावर गेलं.

मग ह्यांचं पत्र आलं. ते तेव्हा इटलीच्या बाजूला कुठंतरी होते. पत्र नेहमीप्रमाणे दिरांच्या नावावर. त्यात सगळ्यांची खुशाली विचारून खाली लिहिलं होतं की घरच्या मंडळींचा फोटो काढून पाठवा. घरची मंडळी म्हणजे मी. माझं नाव थोरल्या भावाला लिहायचं नाही म्हणून तसं लिहिलेलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं एवढं लांब हाय, मागतंय तर धाडा की."

दिरांनी कराडला न्यायचं कबूल केलं.

त्या दिवशी मी पहाटेच उठून न्हाले. लग्नातलं जरीचं लुगडं नेसले. आरसा दाराच्या उजेडात धरून आईनं शिकवल्याप्रमाणे काजळ घातलं. फोटो काळापांढरा येतो, त्यात डोळे फिके पडतात, हे मी माहेरी ऐकलं होतं, म्हणून बाहेरच्या कोपऱ्याला रेघ नेहमीपेक्षा थोडी लांब घेतली. आरशात बघितलं आणि मला स्वतःलाच बरं वाटलं. घरच्यांसमोर ह्यांनी माझ्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. आता एवढ्या लांब बसून सावकाश बघतील, असं मनात आलं.

दारात गाडी जुंपलेली होती. सासूबाई आधीच वर बसल्या होत्या. मी पाय ठेवणार एवढ्यात दीर बैलांकडे बघत म्हणाले, "आई, तिला डोळं धुऊन यायला सांग."

सासूबाई म्हणाल्या, "आसू दे की रं."

"फौजी मान्साची बायकू हाय, तमाशातली न्हवं. त्यो फोटू तितं धा जण बघत्याल. धुऊन ये म्हनावं, न्हाईतर बैल सोडतो."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण पुढं काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंनी तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

लोण्यात नीट खललेलं काजळ पाण्यानं निघत नाही. ते तेलानं काढावं लागतं, तेही हळूहळू. पण गाडी थांबली होती आणि मागून दिरांचं खाकरणं ऐकू येत होतं. मी पाणी मारलं, पदरानं पुसलं, पुन्हा पाणी मारलं. काजळ गालाच्या हाडापर्यंत पसरलं. घासून घासून पापण्या लाल झाल्या, सुजल्या. तशीच जाऊन गाडीत बसले.

फोटोवाला म्हातारा आणि सज्जन माणूस होता. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, काळ्या कापडात डोकं घातलं, परत बाहेर काढलं आणि दिरांना म्हणाला, "बाईंना बरं नाही काय? पाहिजे तर पुढल्या आठवड्यात या."

"झ्याक हाय ती. काढा तुमी," दीर म्हणाले.

फोटो तयार होऊन आला तेव्हा मला तो नुसता दाखवला आणि लगेच पाकिटात घातला. तेवढ्यातही मी बघितलं. डोळे बारीक झालेले आणि खाली काळी वर्तुळं, महिनाभर तापात पडलेल्या बाईसारखी. हाच फोटो समुद्रापार गेला.

लढाई संपल्यावर हे घरी आले. वाळलेले, रापलेले, पण धडधाकट. सगळ्यांना भेटून झाल्यावर परसात आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बरी झालीस का?"

"मला काय झालं हुतं?"

त्यांनी खिशातून फोटो काढला. कोपरे झिजलेले. म्हणाले, "हे बघून सोबतीच्या गड्यांनी इचारलं, वैनी आजारी हैत काय. मी रजा मागितली, मिळाली न्हाई. घरी पत्र घातलं, तर दादांनी लिवलं सगळं खुशाल. मला वाटलं, लपवत्यात. तू हायस का गेलीस हेच मला कळंना."

मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी, तांब्या, पदर, सगळं. आता हे उठून भावाला काहीतरी विचारतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी फोटो परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "थोरलं हैत त्ये. बाच्या माघारी त्यांनीच वाढवलं मला. जाऊ दे."

परक्या मुलखात माझ्या काळजीनं जळलेला हा माणूस, आणि ती काळजी ज्यानं लावली त्याला एक शब्द विचारायची तयारी नाही. दिरांचा राग जितका आला नव्हता, तितका मला तेव्हा ह्यांचा आला.

पुढं दिरांची मुलगी लग्नाची झाली. फलटणकडचे पाहुणे बघायला येणार होते. सकाळी जाऊबाई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. "हिचं डोळं तेवढं भरून द्या. तुमच्यावानी कुणाला जमत न्हाई."

मी म्हटलं, "भावजींना इचारलंय का?"

"त्येंनीच धाडलंय."

"मग त्येंनी यिऊन सांगू दे."

जाऊबाई घाबरल्या, पण गेल्या. थोड्या वेळानं दीर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरीला जरा काजळ घालायचं हुतं."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "आवं भावजी, परक्या मान्सांनी बघायचं आसंल तर काजळ चालतं. आपल्या नवऱ्यानं बघायचं आसंल तर चालत न्हाई. आसं का, तेवढं सांगा."

त्यांचे कान लाल झाले आणि ते वळून गोठ्याकडे गेले. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं बोलाय नगं हुतं." मी म्हटलं, "तवा तुमी बोलला असता तर आज मला बोलाय लागलं नसतं." त्यांनी मान खाली घातली.

मुलीचा यात काही दोष नव्हता. तिला मी उजेडात बसवलं आणि मन लावून डोळे भरले. पाहुण्यांना ती पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन मळ्यात गेले. हे उसाला पाणी देत होते. जेवायला बसल्यावर म्हणाले, "काल दादांना लय बोललीस म्हनं."

"व्हय. बोलले."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

आसपास उसाशिवाय कुणी नव्हतं. दीर तर बाजाराला कराडला गेले होते. तरीही ते दोन शब्द ह्यांनी अगदी हळू आवाजात म्हटले.