सात घरांचे वार

दिवाळी आटोपली की आमच्या गावाला लागून असलेला तांडा रिकामा होतो. मुकादमाची गाडी येते, तिच्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं सगळं चढतं आणि माणसं ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. शाळेतले अर्धे वर्ग ओस पडतात. आम्ही गावातले लोक दरवर्षी हळहळतो. हळहळायला काही लागत नाही.

त्या वर्षी मी शाळेच्या समितीवर होते. समितीत बाई हवी म्हणून मला घेतलं होतं. ही गप्प बसेल असं समजून घेतलं असेल तर त्यांचं नशीब. सभेत सरांनी तांड्यावरच्या एका मुलीचा विषय काढला. आठवीत होती, हुशार. पास झाली असती तर नववीला एस.टी.नं मानोऱ्याला गेली असती. सर म्हणाले, "यंदा गेली तर ही परत वर्गात बसायची नाही. हिच्या वयाच्या पोरींनी एकदा कोयता धरला की संपलं."

रात्री झोपायला तांड्यावर तिची एक चुलत आजी होती, पण ती डोळ्यांनी अधू. तिलाच कोणीतरी भाकर द्यावी लागायची. म्हणजे प्रश्न जेवणाचा. मी तिथंच म्हटलं, "जेवनाचाच प्रश्न आहे न? मंग वार लावू. सोमवारी माह्या घरी." मग काय, एकेक जण उठून वार मागू लागला. शनिवारवरून तर दोघांची जुंपली. आठवड्याला सात घरं मिळाली आणि आम्ही फुगून घरी आलो.

तिची आई मुलीला घेऊन माझ्या दारात आली. गाडीत बसायच्या गडबडीतही नेसूचं लुगडं नीट करून आली होती. माझ्यासमोरच तिनं लेकीला बजावलं, "फुकट खाऊ नको वं. ज्या घरी जेवशीन, त्या घरी हाताले काम घेजो." मला ते फार आवडलं. किती मानी बाई, असं मी शेजारणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

सोमवारी सकाळी पोरगी यायची, कोणी काही म्हणायच्या आत खराटा घ्यायची आणि माझं अंगण लखलखीत करायची. मग दोन भाकरी खायची, डबा घ्यायची आणि घंटेच्या आधी पळायची. खाणं पाहून जीव सुखावायचा. "राहू दे वं," मी म्हणायचे. ती हसायची. दोन-तीन सोमवारांनंतर मी राहू दे म्हणणं सोडलं.

मग कापूस फुटला, तूर आली. घरोघरी माणसं कमी पडायला लागली. जरा लेकराले पाह्य, जरा वावरात डबा देऊन ये, पाहुणे येऊन राह्यले, जरा भांडे घासून घे. कोणीच तिला राबवलं नाही. प्रत्येकाचं काम आठवड्यातून एकदाच होतं आणि जराच होतं. पण तिच्या आठवड्यात 'जरा' नसलेला एकही दिवस उरला नाही.

सर माझ्या अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा कळलं. "पोरगी तुमच्याकडं आहे का? वर्गात येतच नाही." मी घरोघर फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "आमच्या घरी तं जराच काम असते बाई, बाकीच्याइले विचारा." एका घरी ती पाळण्याची दोरी ओढत बसलेली सापडली. पुस्तक मांडीवर होतं, एवढंच.

माझा संताप अनावर झाला. सभा बोलावली आणि जे तोंडात आलं ते बोलले. लोक खजील झाले, खोटं कशाला सांगू. आणि मग आम्ही आमच्या पद्धतीनं चूक सुधारली. पोरीनं कशालाही हात लावायचा नाही! खराटा उचलला की धावून काढून घ्यायचा. पाट मांडायचा, तूप वाढायचं, घरातल्या सगळ्यांनी भोवती उभं राहून "लाजू नको, पोटभर जेव" म्हणायचं. ती शाळेत जाऊ लागली. माझ्या घरी दोन भाकरींची एक झाली, मग अर्धी. मला वाटलं, अभ्यासाचा ताण असेल.

ऊसतोडीला गेलेले तिचे एक नातेवाईक कुणाच्या तरी तेराव्याला तांड्यावर आले होते. ते परत निघाले तेव्हा ती पिशवी घेऊन त्यांच्यासोबत थांब्यावर उभी होती. परीक्षा तोंडावर आलेली. मी पदर खोचून धावत गेले.

"काहून चालली वं? आता तं कोनी तुले काम सांगत नाई!"

"म्हनूनच चालली, काकू." ती माझ्याकडे न पाहता बोलली. "काम करत होती तवा पोटभर जेवत होती मी. आता तुमी सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. घास उतरत नाई. तिकडं माय काम बी सांगते अन् जेवू बी घालते. तिकडं एकच घर आहे."

"अवं, पन परीक्षा?"

"पुढच्या साली देईन." आम्हा दोघींनाही ते खरं वाटलं नाही. एस.टी. आली, ती चढली.

आज विचार करते तेव्हा लाज वाटते ती इतकी सोपी गोष्ट सुचली नाही याची. एक घर, एक ठरलेलं काम, आणि घंटा झाली की हातातला खराटा काढून घेऊन शाळेत पिटाळणारं एक माणूस. एवढंच लागत होतं. पण पुण्यात वाटा सगळ्यांनाच हवा होता. आम्ही पोरीची जबाबदारी सात घरांत वाटली आणि ती इतकी बारीक झाली की कोणाच्याच हातात राहिली नाही. मानी आईचं कौतुक मी गावभर केलं, पण तिच्या बोलण्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

उन्हाळ्यात तांडा परत आला. निकाल लागून शाळेला कुलूप पडलं होतं. एका सोमवारी सकाळी अंगणात खराट्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर तीच. उन्हानं काळवंडलेली, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. या वेळी मी खराटा काढून घेतला नाही. तिनं अंगण कोपऱ्यापर्यंत झाडलं, हात धुतले, चुलीजवळ येऊन बसली आणि दोन भाकरी पोटभर खाल्ल्या.

शाळेचं तिनं काही विचारलं नाही. मलाही तो विषय काढता आला नाही.