लान्सनायक महादूची कंबर

पन्नासच्या दशकात आमची कंपनी जंगल ट्रेनिंगसाठी आरमोरीजवळ कॅम्पला होती. तो भाग तेव्हा चांदा जिल्ह्यात होता; चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी साताऱ्याकडचा, पीटी हवालदार. जवान मला तोंडावर उस्ताद म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहीत नाही. साडेपाचला फॉलइन, सहाला पीटी. दुखलं तर आणखी ताण, हा माझा खाक्या.

लान्सनायक महादू त्याच भागातला, धान पिकवणाऱ्या घरातला. रेशनची पोती उतरवताना तो ट्रकवरून पडला आणि त्याची कंबर धरली. आठ दिवसांनीही बूट बांधायला वाकता येईना. डॉक्टरसाहेब म्हणाले, हाड शाबूत आहे. तीन आठवड्यांत वाकला नाही, तर मेडिकल बोर्ड. म्हणजे फौज सुटली.

"उस्ताद, मले घरी पाठवू नोका," एवढंच तो म्हणाला.

मी त्याला उभा केला आणि 'एक-दो, एक-दो' करत खाली दाबू लागलो. चौथ्या दिवशी त्याला खाटेवरून उठवेना. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं.

"हवालदार, स्नायूंवर पातळ पडदा असतो, तो सुजलाय. झटके दिलेस की सूज वाढणार."

"येस सर."

मला फार लाज वाटली.

रविवारी बाजार करून महादूची आई, सखूबाई, कॅम्पवर आल्या. मुलाला बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"काऊन झटके देऊन राह्यले, भाऊ? रोवणा करून बाया काय करतेत, पाह्यलं नाई का कदी?"

रोवणा म्हणजे धानाची लावणी. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका बांधावर येऊन काय करतात, ते त्यांनी करून दाखवलं. लुगडं सावरून गुडघ्यांवर बसल्या, हात पुढे टेकवले, आणि अंग हळूहळू टाचांकडे नेलं.

"दुखाच्या आदीच थांबाचं. तिथीच लंबा श्वास घ्याचा. अंग सैल झालं का मंग थोडं पुढं."

डॉक्टरसाहेब बघत होते. म्हणाले, "रोज दोनदा. आणि हवालदार, शिट्टी नको."

पंधरा दिवस मी महादूशेजारी सतरंजीवर गुडघे टेकून तसाच ताण घेतला. जवान हसले, मी हसू दिलं. एका सकाळी त्याने स्वतः बूट बांधले. बोर्डाने शेरा दिला, फिट. उस्तादपणा विसरून मी त्याला मिठी मारली.

माझी नात डॉक्टर आहे. ती सांगते, हळू ताणाने आतली सूज उतरते का, आजारांवर त्याचा उपयोग होतो का, हे अजून तपासतायत. सगळ्यांवर उतारा समजू नका, आजोबा. मी समजत नाही. मी फक्त महादूला पाहिलंय.

पुढच्याच वर्षी सरहद्दीवर गस्तीत महादू कामी आला. गावी निरोप घेऊन मीच गेलो. मनात सलत होतं ते सखूबाईंना बोलून टाकलं.

"बाई, मी त्याची कंबर बरी केली नसती, तर तो आज घरी असता."

त्यांनी पाण्याचा गडवा पुढे केला.

"घरी कंबर धरून बसला असता, त रोज माह्यासमोर झुरला असता, भाऊ. त्याले फौजेतच राह्याचं होतं."

लान्सनायक महादू चोवीस वर्षांचा होता. मी गणवेशात होतो, तरी त्या माउलीसमोर रडलो.